गिअर टाकला की गाडी बंद? आधी गिअरबॉक्सला सोडा

ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलला मस्त चालू असते, ‘डी’ टाकला की आचका देऊन बंद पडते. यावर ठरलेलं निदान म्हणजे ‘गिअरबॉक्स गेला’. तो खोलायला घेण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये काय बसलंय ते बघू.

तिथे असतो टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही जहाजांसाठी. आत तेल आणि समोरासमोर पात्यांची चक्रं. इंजिनाकडचा पंप तेल भिरकावतो आणि ते गिअरबॉक्सकडच्या टर्बाइनवर आदळतं. दोघांचा एकमेकांना थेट स्पर्श नाही. न्यूट्रलमध्ये टर्बाइन तेलाबरोबर मोकळं फिरतं, म्हणून इंजिनाला फारसं ओझं नसतं. ‘डी’ टाकला आणि पाय ब्रेकवर असला की चाकांबरोबर टर्बाइनही थांबतं. आता तेल थांबलेल्या पात्यांवर ढकलायचं, म्हणजे भार आला.

खरी गंमत पुढेच आहे. टर्बाइन थांबलेलं असताना हा भार इंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आरपीएमचा (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा 800 वरून 600 वर आला, म्हणजे वेग पाऊणपट झाला, तर भार पाऊणाचा पाऊण, साधारण 56 टक्केच उरतो. उलट 2400 पर्यंत रेस केली तर तो 9 पट होतो! थोडक्यात, इंजिन दमायला लागलं की तेल स्वतःच पकड ढिली करतं. धडधाकट इंजिनाला नुसतं तेल सहसा मारू शकत नाही.

तरीही ते मरतं, तेव्हा एक संशयित म्हणजे लॉक-अप क्लच. वेगात धावताना तेलातली घसरण टाळायला हा क्लच पंप आणि टर्बाइन घट्ट जोडतो. तो अडकून राहिला तर तेलाची ती सवलत संपली. मॅन्युअल गाडीत क्लच न दाबता गिअर टाकल्यासारखं इंजिन एका झटक्यात बंद पडतं.

काटा थरथरत हळूहळू खाली येऊन गाडी बंद पडत असेल, तर मात्र इंजिनाच्या हवेकडे बघा. भार येताच ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) थोडी जादा हवा सोडतो. थ्रॉटलच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) पाकळीच्या कडेला काळ्या कार्बनचं कडं जमलं असेल तर ती हवा कमी पडते. (हे कडं साफ करायचं तर थ्रॉटल उघडून पुसावा लागतो. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या चमत्कारी बाटल्या तिथे पोचतच नाहीत, कारण पेट्रोल त्या पाकळीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला फवारलं जातं.)

आणखी एक चकवा आहे. ‘डी’ टाकण्याआधी आपण ब्रेक दाबतो. ब्रेक दाबायला जोर पुरवणारा ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या जोरावर) चालतो. त्याचा पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबताच नको असलेली हवा आत शिरते आणि मिश्रण बिघडतं. दोष ब्रेकचा, आळ गिअरवर. म्हणून गाडी ‘पी’मध्येच ठेवून नुसता ब्रेक दाबून बघा. काटा तेवढ्यानेच गडगडला, तर गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

फक्त ‘डी’मध्ये किंवा फक्त रिव्हर्समध्ये बंद पडत असेल, तर इंजिनाचे माउंट, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते आधार, तपासा. भार आला की इंजिन ‘डी’मध्ये एका बाजूला कलतं आणि रिव्हर्समध्ये दुसऱ्या. माउंट सैल असतील तर ते जास्तच कलतं आणि हवेच्या रबरी नळीची मिटलेली चीर तेवढ्यापुरती उघडते आणि तिथूनही नको असलेली हवा आत शिरते.