सिम रेसिंगमधले लाडके आणि नावडते ट्रॅक : पार्श्वभूमी

सिम रेसिंग म्हणजे खऱ्या गाड्या-ट्रॅकांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या गेममधली शर्यत. बेल्जियमचं स्पा, जपानचं सुझुका, जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची जुनी लांब फेरी नॉर्डश्लाइफे ही नावं निघाली की सिम रेसिंगवाला खुलतो. रशियाचं सोची किंवा अबू धाबीचं यास मरीना म्हटलं की तोंड वाकडं करतो. मोनॅकोवर तर कायमचे दोन तट. इंदुरात रामबाग-लोकमान्यनगरातल्या घरी टेबलाला स्टीअरिंग आवळून खेळणारा असो, की विजयनगरच्या गेमिंग कॅफेत तासाचे पैसे मोजणारा, यादी थोड्याफार फरकाने हीच निघते. नॉर्डश्लाइफेवर फॉर्म्युला वनची शर्यत १९७६ नंतर झालेली नाही, तरी त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी जन्मलेल्या पोरांना तिथली वळणं नावानिशी पाठ आहेत. ती टीव्हीवरून आलेली नाहीत, गेममधून आली. ट्रॅक आवडतो किंवा डोक्यात जातो, त्याला खऱ्या डांबराइतकाच तो गेममध्ये कधी आणि कसा उतरला हाही भाग कारणीभूत असतो.

खरं सर्किट गेममध्ये आणायचा मान १९८२च्या ‘पोल पोझिशन’चा. नाम्को कंपनीने त्यात जपानचं फुजी घेतलं. आकार ओळखीचा होता, रस्ता मात्र ताटासारखा सपाट. पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात ट्रॅक चार झाले, त्यात सुझुकाही होतं. १९८४मध्ये ब्रिटिश प्रोग्रॅमर जेफ क्रॅमंडने बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर ‘रेव्ह्ज’ काढला. त्यात सिल्व्हरस्टोन आणि फॉर्म्युला थ्रीची गाडी होती. पण आवडनिवड ठरायला तुलना लागते, आणि ती सोय झाली क्रॅमंडच्याच ‘फॉर्म्युला वन ग्रां प्री’मुळे. १९९१ अखेरीस तो अमिगा संगणकावर आला, पुढच्या वर्षी पीसीवर. त्यात १९९१च्या मोसमातले सोळाच्या सोळा ट्रॅक होते.

इटलीचा मॉन्झा सगळ्यांचा पहिला लाडका का, याचं उत्तर त्या काळच्या कीबोर्डात आहे. बाणाची की दाबली की चाक वळणार, सोडली की सरळ होणार. अधलंमधलं काही नाही. मॉन्झावर आज ११ वळणं आहेत, तेव्हाही फार नव्हती. बाकी सगळा जोर सरळीवर. मोनॅकोत उलट, ३.३३७ किलोमीटरच्या फेरीत हात क्षणभर मोकळा होत नाही. ‘एफ वन’ की दाबून आपोआप लागणारे ब्रेक चालू ठेवले तरच तिथे फेरी पुरी व्हायची. तेव्हा मोनॅकोवर बसलेला राग स्टीअरिंग चाकं-पेडलं आली तरी पुरता उतरला नाही, आणि त्याला आता वेगळं कारण आहे.

ते कारण पडद्याचं. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर हिशेबाने दृष्टीचा उभा कोन (गेमचा कॅमेरा किती रुंद दाखवतो तो) येतो साधारण २४ अंश आणि आडवा ४१-४२. एवढ्या अरुंद चौकटीत अंतराचा अंदाज खरा लागतो आणि ब्रेकची जागा चुकत नाही. पण मोनॅकोच्या हेअरपिनला, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणाऱ्या अरुंद वळणाला, वळणाचा आतला कोपरा पडद्याबाहेर असतो. आंधळेपणाने वळवलं की पुढचं चाक भिंतीला. मग लोक कोन ५०-६० अंशांवर नेतात. कोपरा दिसतो, पण सगळं लांब भासतं, आणि बोगद्यानंतरच्या शिकेनला (वेग तोडायला घातलेल्या डाव्या-उजव्या वळणांच्या जोडीला) ब्रेक उशिरा पडतो. एकच पडदा असेल तर डावी-उजवी बघायची बटणं चाकावर लावून घ्यावीत आणि कोन ३० अंशांच्या आसपास ठेवावा. तीन पडदे असणाऱ्यांना मोनॅको आवडतो, एक पडदावाल्यांना आवडत नाही, इतकं ते सरळ आहे.

१९९६च्या ‘ग्रां प्री २’पासून गेमला संग्रहालयाचंही काम लागलं. त्यात १९९४चा मोसम होता. १ मे १९९४ला इटलीतल्या इमोलाच्या टांबुरेलो वळणावरच्या अपघातानंतर ड्रायव्हर आयर्टन सेनाचा मृत्यू झाला आणि १९९५मध्ये तिथे वेग तोडायला शिकेन घातला गेला. गेममध्ये मात्र जुनं, पूर्ण थ्रॉटलवर घ्यायचं टांबुरेलो राहिलं. दोन वर्षांनी पपायरस या गेम कंपनीने ‘ग्रां प्री लेजंड्स’मध्ये हीच वाट अख्खी धरली. १९६७चा मोसम, पंख नसलेल्या गाड्या, अकरा ट्रॅक. त्या वर्षीची फ्रान्सची शर्यत ल मांच्या बुगाटी सर्किटवर झाली होती, पण पपायरसने त्याच्या जागी रुआँचं सर्किट घातलं, आणि उत्तम केलं. त्याच गेममध्ये सुमारे २२.८ किलोमीटरचं जुनं न्यूरबर्गरिंग होतं. गेम फारसा खपला नाही, इतका तो अवघड होता. पण सिम रेसिंगला नॉर्डश्लाइफेचं वेड लावलं ते त्यानेच. २००४मध्ये ‘ग्रॅन तुरिस्मो ४’ने ते प्लेस्टेशनवर नेलं आणि मग घरोघरी पोचलं.

आजची नॉर्डश्लाइफे २०.८३२ किलोमीटरची, अधिकृत मोजणीने ७३ वळणं, उंच-सखल फरक सुमारे ३०० मीटर. नव्याला ती नकोशी होते, कारण तो पहिल्या दिवसापासून पूर्ण फेऱ्या मारतो. चूक सहाव्या किलोमीटरला होते आणि ती सुधारायची संधी पुन्हा आठ-दहा मिनिटांनी येते. तोवर काय चुकलं तेच डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा तुकडे पाडावेत: हात्झनबाखपासून फ्लुगप्लाट्झ, तिथून आडेनाउअर फोर्स्ट, मग बर्गवेर्क, कारुसेल, फ्लान्त्सगार्टन आणि शेवटची डोट्टिंगर ह्योहेची सरळी. एका बैठकीत एकाच तुकड्यात जोर लावायचा, बाकी फेरी सत्तर टक्के वेगाने. बहुतेकांची गाडी जाते ती आडेनाउअर फोर्स्टला. फुक्सर्‍योरेच्या उतारावरून भरधाव खाली आल्यावर वाटतं अजून सरळच आहे, आणि चढावापलीकडे वळण लपलेलं असतं. फ्लान्त्सगार्टनच्या उंचवट्याआधी ब्रेक संपवून पाय काढलेला असावा. उंचवट्यावर गाडी हलकी होते, चाकांवरचा भार जातो, आणि तिथे दाबलेला ब्रेक चाकं जागच्या जागी बांधून टाकतो. कारुसेलमध्ये काँक्रीटच्या खोबणीत आतलं चाक पूर्ण उतरवायचं. अर्धवट उतरवलं तर गाडी काठावर आपटते. ऑनलाइन खेळत असाल तर आणखी एक: पावसाळ्यात इंदुरात वीज जरा डोळा मारते, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस असलेला बरा. शेजारच्या ग्रां प्री सर्किटचा भाग जोडलेल्या २५.३७८ किलोमीटरच्या आखणीत जीटी थ्री वर्गातल्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या) शर्यतीच्या गाडीची एक फेरी आठ मिनिटांवर जाते, आणि इंटरनेटची लाइन तुटली की ती सगळी वाया.

‘ग्रॅन तुरिस्मो’चा पहिला भाग १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये आला. त्यात एकही खरं सर्किट नव्हतं: ट्रायल माउंटन, डीप फॉरेस्ट, ग्रँड व्हॅली, सगळी मनाने रचलेली. तरी एका पिढीचे लाडके ट्रॅक हेच. हातातल्या कंट्रोलरच्या बटणांवर खेळायचं आहे हे गृहीत धरूनच वळणं बेतलेली होती, रुंद आणि वाहती. २०२२मध्ये सातव्या भागात ट्रायल माउंटन परत आलं तेव्हा मागची सरळी लांबवलेली निघाली. जुने खेळाडू त्यावर अजून कुरकुरतात. कुरकूर रास्त आहे. सरळी वाढली की पाठीमागचा पुढच्या गाडीच्या ओढ्यात, म्हणजे तिने कापलेल्या हवेच्या आडोशात, येतो आणि पुढच्याने कमावलेलं अंतर फुकट जातं.

२००५च्या ‘आरफॅक्टर’ने मॉडवाल्यांना, म्हणजे गेममध्ये स्वतः ट्रॅक-गाड्या बनवून घालणाऱ्यांना, मोकळं रान दिलं आणि ट्रॅक ढिगाने आले. बहुतेक फोटो, व्हिडिओ आणि उपग्रहचित्रांवरून बनवलेले. आखणी बरोबर, पण डांबराचे खड्डे-उंचवटे अंदाजपंचे. हे बदललं २००८मध्ये आयरेसिंग हा ऑनलाइन गेम आल्यावर. पपायरसचा डेव्ह केमर हा त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक. लेझर स्कॅनर ट्रॅकवर फिरवून लाखो बिंदूंची जाळी मिळवायची, पृष्ठभाग त्यावरून उभा करायचा, चूक मिलिमीटरच्या घरात. २०१४मध्ये पूर्ण रूपात आलेल्या ‘असेटो कोर्सा’ने तेच स्वस्तात दिलं, आणि २०१५मध्ये त्यात स्कॅन केलेली नॉर्डश्लाइफे आली.

स्कॅनने जुन्या क्रमवाऱ्या उलट्यापालट्या केल्या. स्पाचं ओ रूज सपाट गेममध्ये एक साधा नागमोडी तुकडा होता. आता तिथे गाडी तळाला दाबली जाते, स्टीअरिंग जड होतं आणि माथ्यावर पोचताच हलकं. फ्लोरिडाचं सेब्रिंग हे जुन्या हवाई तळावरचं. त्याचे काँक्रीटचे सांधे स्कॅनमधून आले तेव्हा काही जण प्रेमात पडले, आणि गिअरवर चालणारी स्वस्त स्टीअरिंग चाकं वापरणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. अशा चाकात प्रत्येक सांध्याला दात दातावर आपटून खडखडाट होतो. त्यावर फोर्स फीडबॅकचा (गेम स्टीअरिंगला देतो त्या जोराचा) गेन, म्हणजे पातळी, वाढवणं हा उलटा उपाय आहे. चाकाची ताकद आधीच कमाल पातळीला लागलेली असेल, तर वळणाचा भार आणि खड्डा दोन्ही सारखेच जाणवतात, म्हणजे काहीच जाणवत नाही. असेटो कोर्सात पेडल्सचं छोटं अ‍ॅप उघडावं. फोर्सचा पट्टा लांब वेगवान वळणात, उदाहरणार्थ स्पाच्या पूआँमध्ये, सतत लाल होत असेल तर गेन ५-५ने उतरवत जावं. क्वचित, एखाद्या कर्बवर (वळणाकाठच्या उंच रंगीत पट्टीवर) लाल झाला तर चालतं. हे केल्यावर सेब्रिंगवरचा निम्मा राग निवळतो.

ऑनलाइन शर्यतींनी आणखी एक निकष आणला: त्या ट्रॅकवर शर्यतीच्या शेवटापर्यंत धड पोचता येतं का. मॉन्झाचं पहिलं शिकेन यात सगळ्यात बदनाम. एकट्याने फेऱ्या मारताना लाडका असलेला हा ट्रॅक लॉबीत, म्हणजे बाकीच्यांसोबतच्या ऑनलाइन शर्यतीत, नकोसा होतो. सरळीवरचा भरधाव वेग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आणायचा, टायर थंड, आणि पुढच्या गाडीच्या ओढ्यात हवेचा अडसर कमी झाल्याने नेहमीच्या खुणेवर ब्रेक लावून भागत नाही. त्यात इंटरनेटचा उशीर. समोरची गाडी तुमच्या पडद्यावर अंदाजाने पुढे सरकवलेली असते. ती जोरात ब्रेक मारते तेव्हा अंदाज चुकतो, आणि न झालेली टक्कर झालेली दिसते. पहिल्या फेरीत खुणेच्या २०-३० मीटर आधी ब्रेक आणि गाडीची अर्धी रुंदी बाजूला, एवढं पाळावं.

नियमसुद्धा आवड घडवतात. आयरेसिंगमधलं सेफ्टी रेटिंग, म्हणजे किती सुरक्षित चालवता याचं मोजमाप, दर चुकीमागे किती वळणं पार केली यावर चालतं. ट्रॅकबाहेर चाकं गेली तर चुकीचा १ गुण, ताबा सुटला तर २, जोराची धडक दिली तर ४. वळणं जास्त तितका हिशेब सुटसुटीत, म्हणून रेटिंग चढवायला लांब ट्रॅक धरणारे बरेच. रेड बुल रिंगचं नेमकं उलट. तिथली शेवटची दोन उजवी वळणं गाडीला बाहेर ओढतात आणि ट्रॅकच्या काठाची पांढरी रेघ ओलांडली जाते. २०२३च्या खऱ्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीत अशा १,२०० हून अधिक नोंदी पंचांपुढे गेल्या होत्या, तर खेळणाऱ्यांनी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

नावडत्यांच्या यादीत आजच्या अनेक ट्रॅकांचा आरेखनकार हर्मान टिल्केच्या सर्किटांची गर्दी असते, हे थोडं अन्यायाचं आहे. सोचीबद्दल तक्रार खरी. काटकोनी वळणांमागून काटकोनी वळणं, एकाची खूण दुसऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. यास मरीनाचं दुखणं हेअरपिनआधीचं शिकेन होतं. २०२१मध्ये ते काढलं, लांबी ५.५५४ वरून ५.२८१ किलोमीटर झाली, आणि ट्रॅक वाहता झाला. गेममध्ये नवी आखणी ‘एफ वन २२’मध्ये आली, पण नाव खराब झालं ते झालंच. ‘एफ वन २०२०’मध्ये तर व्हिएतनामचं हनोई आहे, जिथे खरी शर्यत कधी झालीच नाही. शिकागोचा प्रवास उलट्या दिशेने: अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतीची रस्त्यावरची आखणी २०२१मध्ये आयरेसिंगवर आधी धावली, खऱ्या रस्त्यावर जुलै २०२३मध्ये.

इंदूरकरांपुढे हमखास येणारा प्रश्न पीथमपूरच्या नॅट्रॅक्सचा. आपल्या दारातच ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २९ जून २०२१ला उद्घाटन झालेला, मग तो गेममध्ये का नको? कारण तो शर्यतीचा नाही, चाचणीचा आहे. त्याच्या कललेल्या वळणांचा न्यूट्रल स्पीड ताशी २५० किलोमीटर आहे. म्हणजे त्या वेगाला कलच गाडीला वळवतो, टायरवर आडवा भार जवळपास येत नाही आणि चाक सरळ रस्त्यासारखं हलकं लागतं. चाचणीला ते हवंच, खेळायला कंटाळवाणं. ‘ग्रॅन तुरिस्मो’तला ३० किलोमीटरचा काल्पनिक रूट एक्स याच जातीचा. त्यावर लोक टॉप स्पीड आणि शेवटच्या गिअरचं गुणोत्तर तपासतात, आणि निघून जातात.

आपला म्हणावा असा शर्यतीचा ट्रॅक ग्रेटर नोएडाचा बुद्ध, ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, हाही टिल्केचाच. २०११ ते २०१३ अशा तीन ग्रां प्री, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्या तीन मोसमांच्या कोडमास्टर्स कंपनीच्या फॉर्म्युला वन गेममध्ये तो होता, पुढे शर्यतीसोबत गेममधूनही गेला. २०२३मध्ये मोटोजीपीच्या गेममध्ये आला, पण तो दुचाकीवाल्यांसाठी. असेटो कोर्सावर तो मॉड म्हणून मिळतो, आणि घेताना चार गोष्टी बघाव्यात. तिसऱ्या वळणाकडे चढ आणि प्रवेशाला वाढत जाणारी रुंदी नसेल, तर मॉड सपाट नकाशावरून केलेला आहे. दहा-अकराच्या लांब वळणाला कल हवा. नसला तर पुढचे टायर उगाच घासतात आणि दोष सेटअपला दिला जातो. फोल्डरमध्ये ‘एआय’ नावाचा उपफोल्डर आणि त्यात फास्ट लेनची फाइल नसेल, तर संगणकाच्या गाड्या धावणार नाहीत. शेवटी एक फेरी मुद्दाम कर्बवरून मारावी. कर्ब नुसते रंगवलेले असतील तर चाकाला काहीच कळत नाही, आणि त्यावर केलेल्या वेळेला ऑनलाइन कोणी विचारत नाही.