कॉम्पॅक्ट आणि लूज पावडर: सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंची वेगळी कामे

बडोद्याच्या मंगळ बाजारात नवरात्राच्या आधी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांवर जी गर्दी लोटते, तिच्यात कॉम्पॅक्ट घ्यावे की लूज पावडर, हा प्रश्न हमखास ऐकू येतो. दुकानदार बहुधा दोन्ही डब्या पुढे ठेवतो आणि दोहोंचे काम एकच असल्यासारखे बोलतो. दोन्ही पावडरीच आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी टाल्क, अभ्रक, सिलिका किंवा मक्याचे स्टार्च यांपैकीच काही ना काही असते, हे खरे. तरीही त्या सहसा वेगवेगळ्या कामांसाठी बनवलेल्या असतात. मेकअप केला आहे हे चेहऱ्याकडे पाहून चटकन कळू नये अशी अपेक्षा असेल, तर हा फरक फाउंडेशनच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कॉम्पॅक्ट म्हणजे साच्यात दाबून वडी केलेली पावडर. वडी फुटू नये म्हणून तिच्यात थोडे तेल किंवा मॅग्नेशियम स्टिअरेटसारखा बांधून ठेवणारा घटक घालतात, आणि बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये आयर्न ऑक्साइडची पिवळी, तांबडी व काळी रंगद्रव्येही असतात. त्यामुळे ते त्वचेला धरून राहते, किरकोळ डाग आणि असमान रंग काही प्रमाणात झाकते आणि फाउंडेशनशिवाय नुसतेही लावता येते. लूज पावडर मोकळी आणि हलकी असते. खाली लावलेले क्रीम किंवा फाउंडेशन जागच्या जागी बसवणे आणि वर येणारा तेलकटपणा शोषून घेणे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. डाग झाकण्याची आशा तिच्यावर ठेवली, की हात पुन्हा पुन्हा डबीकडे जातो आणि चेहरा पिठाळ दिसू लागतो.

गोंधळाचे मूळ मात्र आणखी एका ठिकाणी आहे. दाबलेली आणि मोकळी हा पावडरीच्या रूपातला फरक झाला. रंगीत आणि ट्रान्स्लूसंट, म्हणजे जवळजवळ बिनरंगी, हा वेगळा फरक झाला. दाबलेली ट्रान्स्लूसंट पावडरही मिळते आणि मोकळी रंगीत पावडरही मिळते. बनाना पावडर या नावाने विकली जाणारी फिकट पिवळी पावडर या दुसऱ्या प्रकारातली. म्हणून डबीचा आकार पाहण्याआधी आपल्याला रंग हवा आहे की फक्त पकड हवी आहे, हे ठरवावे. फाउंडेशन किंवा हलका रंग असलेले बीबी क्रीम लावून झाल्यावर त्यावर पुन्हा रंगीत कॉम्पॅक्टचा पूर्ण थर देणे म्हणजे रंगावर रंग चढवणे होय, आणि चेहरा मुखवट्यासारखा दिसण्याचे सर्वांत मोठे कारण, माझ्या मते, हेच आहे. टू-वे केक नावाचे कॉम्पॅक्ट तर कोरडे आणि ओल्या स्पंजाने अशा दोन्ही तऱ्हांनी लावता येते. ओले लावले की ते जवळपास फाउंडेशनइतके झाकते. मेकअपतज्ज्ञ मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या रंगीत चित्रपटांसाठी जे पॅनकेक तयार केले, तेही ओल्या स्पंजाने लावायची दाबलेली वडीच होते. प्रखर दिव्यांखाली आणि दूरच्या प्रेक्षकासाठी अशा जाड थराला अर्थ असतो. समोरासमोर बसून गप्पा मारताना तो नसतो.

ट्रान्स्लूसंट या शब्दावरही फार भिस्त ठेवू नये. डबीत पांढरी दिसणारी पावडर गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पुरेशी पातळ लागली तर दिसेनाशी होते, पण थोडी जास्त झाली की राखाडी छटा सोडते. अशा त्वचेला किंचित पिवळसर किंवा पीचकडे झुकणारी लूज पावडर अधिक मानवते. कॉम्पॅक्टच्या बाबतीत आपल्या घरांतली जुनी खोड, म्हणजे आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ घेणे, अजून गेलेली नाही, आणि चेहरा व मान यांच्यामधली रेघ त्या खोडीची साक्ष देत असते. छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला लावावी, दुकानाच्या बाहेर येऊन दिवसाच्या उजेडात पाहावी आणि बाजारात आणखी एक चक्कर मारून मगच ठरवावे, कारण त्वचेच्या तेलात मिसळल्यावर काही छटा थोड्या वेळाने गडद होतात.

उजेडाचा विचार बडोद्यात विशेष करावा लागतो. गौरीच्या हळदीकुंकवाला बायका दुपारी, खिडकीजवळ, हातभर अंतरावर बसतात. त्या उजेडात रंगापेक्षा पावडरीचा पोत आधी दिसतो, आणि गालावरच्या बारीक लवेत अडकलेली लूज पावडर तर लगेच नजरेत भरते. नवलखीसारख्या मोठ्या मैदानावरच्या गरब्यात याउलट प्रकार असतो. तिथे पोत कोणी पाहत नाही, पण मोबाइलचे फ्लॅश सतत चमकत असतात, आणि मुख्यतः सिलिकाच्या बनलेल्या काही लूज पावडरी आरशात अजिबात न दिसता फोटोत मात्र डोळ्यांखाली पांढरे ठिपके उमटवतात. सिलिकाचे बारीक कण समोरून आलेला झगझगीत प्रकाश परत कॅमेऱ्याकडे फेकतात, म्हणून हे घडते. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड असलेली सनस्क्रीन पावडरही रात्रीच्या फोटोत चेहरा फिका दाखवू शकते, आणि रात्री तिची गरजही नसते. घरून निघण्याआधी दिवा मालवून एक फोटो फ्लॅशसह काढून पाहिला, की शंका उरत नाही.

आता साधनांविषयी. पावडर चांगली असूनही ती कशाने लावली यावरच बरेचसे बिघडते. कॉम्पॅक्टच्या डबीत येणारा चपटा पफ पुष्कळ पावडर उचलतो आणि ती एकाच जागी सोडतो. शिवाय तो घासण्याची सवय असल्याने खालचे फाउंडेशनही सरकते. चेहरा नैसर्गिक दिसायला हवा असेल, तर कॉम्पॅक्टसुद्धा मोठ्या, मऊ, मोकळ्या केसांच्या ब्रशने घ्यावे, ब्रश एकदा झटकावा आणि कपाळ, नाकाच्या बाजू व हनुवटी एवढ्याच ठिकाणी फिरवावा. गालांना बहुधा पावडर लागतच नाही. पफ वापरायचाच असेल तर तो लूज पावडरीसाठी ठेवावा: थोडी पावडर झाकणात काढावी, पफ दुमडून ती त्यात मुरवावी आणि नंतर त्वचेवर घासण्याऐवजी हलकेच दाबावी. डोळ्यांखालच्या पातळ त्वचेसाठी लहान ब्रश पुरतो. त्या जागी लूज पावडरीचा जाड थर काही मिनिटे ठेवून मग झटकण्याची, बेकिंग म्हणून ओळखली जाणारी रीत रंगमंचाकडून आलेली आहे. कोरड्या किंवा चाळिशीनंतरच्या त्वचेवर ती प्रत्येक सुरकुती ठळक करते, आणि रोजच्या मेकअपमध्ये तिचे काही काम आहे असे मला वाटत नाही.

घाम आल्यावर बाहेर पुन्हा पावडर लावायची असेल तर मात्र कॉम्पॅक्ट सरस ठरते, कारण ते पर्समध्ये सांडत नाही. गरब्याच्या दोन फेऱ्यांमध्ये ओल्या चेहऱ्यावर थेट पावडर लावली तर तिचे पट्टे उठतात. आधी टिशूने किंवा सुती रुमालाने घाम टिपून घ्यावा, चेहरा कोरडा होऊ द्यावा आणि मग फक्त चमकणाऱ्या जागी कॉम्पॅक्ट दाबावे. पुष्कळदा टिपणे एवढेच पुरते आणि डबी उघडावी लागत नाही.

दोहोंपैकी एकच वस्तू घ्यायची असेल, तर तेलकट त्वचेवर फाउंडेशन लावणाऱ्या मुलीने लूज पावडर घ्यावी. फाउंडेशन न लावता सनस्क्रीनवर थोडी सारवासारव करून कामाला जाणाऱ्या बाईला आपल्या नेमक्या छटेचे कॉम्पॅक्ट पुरते. कोरड्या त्वचेच्या व्यक्तीने दोन्ही कमीच वापराव्यात. विकत घेताना उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, बॅच क्रमांक आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक वेष्टनावर आहे ना, हे पाहावे. भारतात बनलेल्या प्रसाधनांवर यांतला बहुतेक तपशील छापणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि रस्त्यावरच्या स्वस्त नकली डब्यांवर तो बहुधा अपुरा असतो. कॉम्पॅक्टच्या वडीवर काही महिन्यांनी जो कडक, चकचकीत थर येतो, तो पफाला लागून आलेल्या त्वचेच्या तेलाचा असतो. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की तो निघतो आणि खालची पावडर पुन्हा नीट येते. पफ व ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवावेत आणि ब्रश उभा न ठेवता आडवा वाळवावा, नाहीतर पाणी दांड्याच्या सांध्यात उतरून केस गळू लागतात. आणि मैदानावर एका कॉम्पॅक्टचा पफ पाच मैत्रिणींच्या चेहऱ्यावरून फिरत असेल, तर कितीही आग्रह झाला तरी आपण आपला रुमालच वापरावा.