बाई मनिलात, गिऱ्हाईक हॉलंडात, कर कुणाचा? युरोपातल्या वेबकॅम धंद्याची पार्श्वभूमी

मे २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने एक निकाल दिला. वाद व्हॅटचा होता, पण न्यायमूर्तींना ठरवायचं होतं ते वेगळंच. फिलिपिन्समध्ये वेबकॅमसमोर लैंगिक शो करणारी मॉडेल आहे. नेदरलँड्समध्ये स्क्रीनसमोर गिऱ्हाईक आहे, ते मिनिटाचे पैसे मोजतं, टाइप करून फर्माईश सांगतं. मधे एक डच व्यावसायिक आहे, तो मॉडेल्सना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर पुरवतो. २००६ ते २००९ या काळाचा व्हॅट त्याने भरला नव्हता. त्याचं म्हणणं असं की करमणूक जिथे प्रत्यक्ष घडते तिथला कर लागतो, आणि ही तर फिलिपिन्समध्ये घडते. कोर्टाने त्याचं अर्धं ऐकलं. ही करमणूकच आहे, असं कोर्ट म्हणालं. तिला ‘इलेक्ट्रॉनिक सेवा’ म्हणता येणार नाही, कारण यंत्र आपोआप काही करत नाही, पलीकडे जिवंत माणूस लागतो. पण ती घडते कुठे? तर व्यावसायिकाचं बस्तान जिथे आहे तिथे. म्हणजे नेदरलँड्समध्ये.

या धंद्यावर लिहिणारे सहसा नैतिकतेपासून सुरुवात करतात किंवा तंत्रज्ञानापासून. मला त्याचा इतिहास करखात्याच्या कागदांत जास्त स्वच्छ दिसतो. कॅमेरा एका देशात, गिऱ्हाईक दुसऱ्या, सर्व्हर तिसऱ्या आणि बिल चौथ्या. यातला कुठला देश ‘आपला’ मानायचा, या एका निवडीवर युरोपातल्या मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

मुळात मिनिटाच्या दराने गप्पा विकण्याची सवय युरोपला इंटरनेटच्या आधीच लागली होती, आणि ती लावली फ्रान्सच्या सरकारी टपाल-तार खात्याने. १९८२ पासून मिनिटेल नावाचं, फोनला जोडलेलं छोटं टर्मिनल घरोघरी गेलं, टेलिफोन डिरेक्टरीऐवजी, फुकट. १९८४ मध्ये खात्याने ‘किऑस्क’ ही वसुलीची पद्धत आणली. सेवेचा चार्ज फोनच्या बिलात यायचा आणि खातं आपला वाटा ठेवून उरलेले पैसे सेवा चालवणाऱ्याला द्यायचं. थोड्याच दिवसांत ‘मेसाजरी रोझ’, म्हणजे गुलाबी चॅट सेवा, बोकाळल्या. तासाला साधारण ६० फ्रँक. पलीकडून लाडीगोडी करणाऱ्या बऱ्याच ‘बायका’ हे प्रत्यक्षात पगारी पुरुष असत, ही तिथे उघड गोष्ट होती. गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त वेळ लाइनवर ठेवायचं, एवढंच त्यांचं काम. आज फ्रान्सचे टेलिकॉम सम्राट म्हणवणारे झाव्हिए निएल यांनी सुरुवातीचे पैसे याच धंद्यात कमावले. मिनिटेल ३० जून २०१२ ला बंद झालं, पण सगळा साचा तयार करून गेलं. मिनिटाचं मीटर, मधल्याचा वाटा, आणि बिलावर काहीतरी सोज्वळ नाव.

कॅमेऱ्याची गोष्ट त्यामानाने छोटी आहे. केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला गेला. कॉफी उरली आहे का, हे जागेवरूनच कळावं म्हणून. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेलं. १९९६ मध्ये अमेरिकेत जेनिफर रिंग्ली या कॉलेजकन्येने स्वतःच्या खोलीत कॅमेरा लावला आणि २००३ च्या अखेरीपर्यंत जग तिच्या खोलीत डोकावत राहिलं. तेव्हा दिसायची ती ठरावीक वेळाने बदलणारी स्थिर चित्रं. हलतं चित्र आणि आवाज साध्या ब्राउझरमधून दोन्ही बाजूंनी जाऊ लागले ते २००२ मध्ये फ्लॅश प्लेअरने कॅमेरा आणि माइक वापरायची सोय केल्यावर. पुढची बरीच वर्षं हा धंदा फ्लॅशवर चालला.

त्याच सुमारास बुडापेस्टमध्ये ग्योर्गी गॅट्यान या उद्योजकाने २००१ मध्ये लाइव्हजास्मिन ही वेबकॅम साइट सुरू केली. मूळ कंपनी डॉक्लर. बाकीच्या साइट भडक होत्या, ही हॉटेलच्या लॉबीसारखी नेटकी. उघड खोलीत फारसं काही दिसायचं नाही. मीटर पडायचं ते प्रायव्हेट शोमध्ये गेल्यावर. हंगेरीत इंग्रजी जुजबी येणाऱ्या तरुण मुली होत्या, पगार कमी होते, गिऱ्हाईक मात्र डॉलर आणि युरोत पैसे देणारं. त्या फरकावर गॅट्यान हंगेरीतल्या सर्वांत श्रीमंत माणसांच्या यादीत जाऊन बसले.

अडचण होती ती कार्डाची. २००८ च्या सुमारास हंगेरीतल्या बँका प्रौढांसाठीच्या साइटशी कार्डवसुलीचा करार करत नव्हत्या, असं कंपनीने पुढे कोर्टात सांगितलं. २००९ मध्ये साइट चालवण्याचं तांत्रिक ज्ञान, म्हणजे नो-हाउ, गॅट्यान यांच्या वेबमाइंडलायसन्सेस या हंगेरियन कंपनीकडे आलं आणि तिने ते पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर, फुंशालमधल्या एका कंपनीला भाड्याने दिलं. मदेइराचा व्हॅट हंगेरीपेक्षा बराच कमी. हंगेरीच्या करखात्याने विचारलं, साइट खरोखर बेटावरून चालते की बुडापेस्टमधून? फोन टॅप झाले, ईमेल जप्त झाले, अब्जावधी फोरिंटची मागणी काढली गेली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि १७ डिसेंबर २०१५ ला निकाल लागला. कमी कराच्या ठिकाणी कंपनी निवडली एवढ्यावरून गैरवापर ठरत नाही. मात्र सगळा देखावा कागदी असेल, कार्यालय, माणसं, साधनं खरी नसतील, तर ठरतो, आणि ते तपासायचं काम हंगेरीच्या कोर्टाचं. गंमत म्हणजे फोन टॅपिंग आणि खासगीपणाच्या हक्काबद्दल या निकालात जे आलं, ते आज करकायद्याचे वकील एरवीच्या प्रकरणांतही उद्धृत करतात.

निकाल लागेपर्यंत डॉक्लरने मुख्यालय लक्झेंबर्गला हलवलंही होतं. हलवलं तेव्हा हंगेरीचा व्हॅट २७ टक्के, युरोपीय संघात सर्वाधिक. लक्झेंबर्गचा १५ टक्के, सर्वांत कमी. २०१५ पासून ऑनलाइन सेवांचा व्हॅट गिऱ्हाइकाच्या देशाच्या दराने लागू झाला आणि ही विशिष्ट चलाखी बरीच निरुपयोगी झाली, पण कंपनी तिथेच राहिली. आता तिचं नाव बायबॉर्ग. याच समूहाने ओरॅनम नावाची दुसरी साइटही चालवली. तिथे त्याच पद्धतीने, कॅमेऱ्यासमोर बसून, मिनिटाच्या दराने टॅरो वाचणारे आणि भविष्य सांगणारे भेटतात. आपल्याकडच्या ज्योतिषाच्या ॲपवर मिनिटामिनिटाला पैसे कापून घेतलेल्यांना हा साचा ओळखीचा वाटेल. गॅट्यान पुढे राजकारणात उतरले, २०२१ मध्ये पक्ष काढला. २०२२ च्या निवडणुकीत त्याला सुमारे १ टक्का मतं पडली.

हंगेरीत कंपनी उभी राहिली, पण कारखाना उभा राहिला रोमेनियात. त्याची कारणं अगदी जमिनीवरची. २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या पोरांनी इमारतीइमारतींमध्ये स्वतः केबल ओढून मोहल्ल्याची नेटवर्कं बांधली. मोठ्या कंपन्यांनी नंतर ती विकत घेतली आणि देशाला युरोपातलं अत्यंत वेगवान आणि स्वस्त इंटरनेट मिळालं. तिथे परदेशी सिनेमा डब न करता उपशीर्षकांसह दाखवतात, त्यामुळे इंग्रजी कानावरून गेलेलं. पगार युरोपात तळाचे. या तिन्हीतून तिथे ‘व्हिडिओचॅट’ स्टुडिओ निघाले.

स्टुडिओ म्हणजे फ्लॅट किंवा ऑफिसचा मजला, त्यात ओळीने छोट्या खोल्या. प्रत्येक खोलीत पलंग, मागे रंगवलेली भिंत, डोळ्यांवर येणारे मोठे लाइट, कॅमेरा, दोन मॉनिटर आणि कीबोर्ड. आठ-आठ तासांच्या पाळ्या. रात्रपाळीला मागणी, कारण तेव्हा अमेरिकेत संध्याकाळ असते. कामाचा मोठा भाग कपडे काढण्याचा नसून टाइप करण्याचा असतो. कुणाचा वाढदिवस, कुणाचा घटस्फोट, कुणाचं कुत्रं आजारी, हे लक्षात ठेवणाऱ्या मुलीकडे गिऱ्हाईक परत येतं. खातं उघडताना आणखी एक सोय असते, स्वतःचा देश ब्लॉक करण्याची. बुखारेस्टमधली मुलगी रोमेनियाला ब्लॉक करते आणि आईवडील, शेजारी, जुने वर्गमित्र यांना वगळून उरलेल्या जगापुढे बसते. ही भिंत किती कच्ची आहे हे तिला पुढे कळतं. लाइव्ह शो चोरून रेकॉर्ड करून दुसऱ्या साइटवर टाकणाऱ्यांना देशाची अट नसते.

इथेही करखातं पोचलंच. क्लुजमधला एक स्टुडिओ अमेरिकन प्लॅटफॉर्मला शो पुरवत होता. अधिकारी म्हणाले, हा करमणुकीचा प्रवेश आहे, व्हॅट रोमेनियात भरा. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते खोडलं. प्रेक्षकाला प्रवेश देतो तो प्लॅटफॉर्म. स्टुडिओ फक्त प्लॅटफॉर्मला माल पुरवतो, तिकीट विकत नाही.

स्टुडिओची काळी बाजू खोटी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवर गाजलेला अँड्र्यू टेट आणि त्याच्या भावाला रोमेनियात अटक झाली. मुलींना प्रेमाच्या जाळ्यात ओढून कॅमेऱ्यासमोर बसवल्याचा आरोप होता. दोघांनी तो नाकारला आणि दोन वर्षांनी अपील कोर्टाने प्रक्रियेतल्या त्रुटींमुळे प्रकरण सरकारी वकिलांकडे परत पाठवलं. टेटचं नाव मोठं म्हणून बातमी मोठी. मला डिसेंबर २०२४ चा ह्यूमन राइट्स वॉचचा कोलंबियावरचा अहवाल जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात ढेकूण-झुरळांनी भरलेल्या खोल्या आहेत, स्टुडिओने स्वतःच्या ताब्यात ठेवलेली खाती आहेत आणि वरचा वाटा घेणारे प्लॅटफॉर्म अमेरिकेतले नि युरोपातले आहेत. मुलगी स्वखुशीने आली का, हा प्रश्न सगळे विचारतात. खात्याचा पासवर्ड आणि पैसे काढण्याची परवानगी कुणाकडे आहे, हे विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

दरम्यान मीटरची पद्धतच बदलली. २००४ च्या मायफ्रीकॅम्सने आणि २०११ च्या चॅटरबेटने, दोन्ही अमेरिकन, खोली सर्वांना उघडी केली आणि पैसे टोकनने, म्हणजे साइटवरच विकत घ्यायच्या आभासी नाण्यांनी, घ्यायला सुरुवात केली. तमाशातल्या दौलतजाद्यासारखंच हे. उधळतो एक, बघतात सगळे, आणि देणाऱ्याचं नाव भर सभेत पुकारलं जातं. चॅटरबेटवर मॉडेलला एका टोकनचे ५ सेंट मिळतात. छोटं पॅक घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच टोकन ११ सेंटच्या आसपास पडतं. उरलेलं मधे राहतं. युरोपात ही पद्धत बोंगाकॅम्सने आणि २०१६ मध्ये आलेल्या स्ट्रिपचॅटने उचलली. स्ट्रिपचॅटची कंपनी सायप्रसमध्ये आहे. युरोपीय संघाचं सदस्यत्व, वर्षानुवर्षं १२.५ टक्क्यांवर राहिलेला कंपनी कर आणि रशियन बोलणारा कुशल कर्मचारीवर्ग, हे तिन्ही त्या बेटावर मिळत आलं. मायफ्रीकॅम्सचे संस्थापक लिओनिद रॅडव्हिन्स्की यांनी २०१८ मध्ये लंडनच्या ओन्लीफॅन्स या वर्गणीवर चालणाऱ्या साइटचा मोठा हिस्सा घेतला. करोनात ओन्लीफॅन्स घराघरांत माहीत झालं, पण त्यामागे वेबकॅमवाल्याचाच अनुभव होता.

ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने उघडानागडा मजकूर बंद करण्याची घोषणा केली आणि आठवड्याच्या आत मागे घेतली. कारण बँका. या उद्योगावर संसदांपेक्षा व्हिसा आणि मास्टरकार्डची हुकमत जास्त चालत आली आहे. जर्मनीची वायरकार्ड ही कार्डाचे पैसे वसूल करून देणारी कंपनी २०२० मध्ये १९० कोटी युरोंच्या घोटाळ्यात बुडाली, तिचेही सुरुवातीचे दिवस अश्लील साइट आणि जुगाराची वसुली करण्यातच गेले होते.

कायदा उशिरा जागा झाला, आणि प्रत्येक देशात वेगळ्या कुशीवर. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं की शरीराला शरीराचा स्पर्श नाही, तेव्हा हा वेश्याव्यवसाय नव्हे. तक्रार कॅथलिक कुटुंबांच्या महासंघाची होती. स्वीडनने नेमकं उलटं केलं. १ जुलै २०२५ पासून तिथे फर्माईश करून दुरून लैंगिक कृती विकत घेणं हा गुन्हा आहे, विकणारी मात्र गुन्हेगार नाही. ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय आयोगाने, डिसेंबर २०२३ मध्ये स्ट्रिपचॅटला पॉर्नहबच्या बरोबरीने ‘अतिविशाल प्लॅटफॉर्म’ ठरवलं. त्यासाठी युरोपीय संघात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते लागतात. मे २०२५ मध्ये अल्पवयीनांना रोखण्याची व्यवस्था पुरेशी नाही म्हणून चौकशी लावली आणि त्याच दिवशी, वापरकर्ते कमी भरले म्हणून, ते बिरुद काढायचंही जाहीर केलं. पुढची देखरेख सायप्रसकडे. डच व्यावसायिकाच्या प्रश्नालाही १ जानेवारी २०२५ पासून नवं उत्तर आहे. लाइव्ह दाखवलेल्या कार्यक्रमाचा व्हॅट आता बघणाऱ्याच्या देशात.

मार्च २०२५ मध्ये ही साखळी आपल्याकडेही दिसली. ईडीने नोएडात एका दांपत्याच्या घरावर छापा घातला, तिथेच स्टुडिओ होता. ईडीच्या म्हणण्यानुसार सायप्रसच्या टेक्नियस या स्ट्रिपचॅट चालवणाऱ्या कंपनीकडून पैसे येत होते. नेदरलँड्समधल्या एका खात्यासह एकूण रक्कम १५.६६ कोटी रुपये. त्यातले ७५ टक्के दांपत्य ठेवायचं, उरलेले मॉडेल्सना. चौकशी फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली सुरू झाली, कारण बँकेत ही आवक जाहिरात, बाजार संशोधन आणि जनमत चाचणी या सदरांत दाखवली होती.