मतपत्रिकेवरील सार्वजनिक प्रश्न

उमेदवार निवडण्याऐवजी एखाद्या कायद्यावर, घटनादुरुस्तीवर, करावर किंवा धोरणावर मतदारांचा थेट कौल घेण्यासाठी मतपत्रिकेवर छापलेला प्रश्न. उत्तर बहुधा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. तो नेहमीच्या निवडणुकीबरोबर किंवा स्वतंत्र मतदानातही विचारला जातो.

प्रश्न कोणी मांडायचा याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. कुठे विधिमंडळ तो लोकांकडे पाठवते, कुठे घटनाच तशी सक्ती करते, तर कुठे नागरिक सह्या गोळा करून तो मांडतात. स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेला कायदा मतदानाला लावण्यासाठी १०० दिवसांत ५०,००० सह्या लागतात. घटनादुरुस्ती सुचवायची तर १८ महिन्यांत १,००,०००. अमेरिकेत संघराज्य पातळीवर अशी सोयच नाही, राज्यांत मात्र आहे. साउथ डकोटाने १८९८ मध्ये सुरुवात केली. कॅलिफोर्नियात गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या कायद्यासाठी आणि ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी लागतात. तेथे आधी सह्यांचा नमुना तपासतात. त्यावरून वैध सह्यांचा अंदाज गरजेच्या ९५ ते ११० टक्क्यांच्या दरम्यान आला, तर एकेक सही पडताळावी लागते.

खरी चुरस असते ती शब्दांवरून. प्रश्न लिहिणाऱ्याच्या हातात निम्मा निकाल असतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमतासाठी आधी ‘युरोपीय संघाचे सदस्य राहावे का?’ असा प्रश्न ठरला होता. त्यात एकाच बाजूचा उल्लेख असल्याने तो ‘राहावे’कडे झुकतो, असे निवडणूक आयोगाने कळवले आणि ‘राहावे की बाहेर पडावे?’ असा बदल झाला. फ्लोरिडात नागरिकांनी सुचवलेल्या दुरुस्तीचे शीर्षक १५ शब्दांत आणि सारांश ७५ शब्दांत बसवावा लागतो. कोलोरॅडोत तर करवाढीच्या प्रश्नाची सुरुवातच ‘कर इतक्या डॉलरांनी वाढवावेत का?’ अशी करण्याचे बंधन घटनेत आहे. वाढीव कराचा आकडा पहिल्याच ओळीत वाचल्यावर ‘होय’ म्हणायला मतदार कचरतो, आणि नियम करणाऱ्यांना तेच हवे होते.

एका प्रश्नात एकच विषय असावा, हा नियम स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत आहे. लोकप्रिय मागणीच्या आडून नावडती तरतूद पुढे रेटली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. इटलीत कर, अर्थसंकल्प, सार्वत्रिक माफी आणि आंतरराष्ट्रीय तह यांबाबतचे कायदे रद्द करण्यासाठी सार्वमत मागताच येत नाही. इतर कायद्यांबाबत प्रश्न ‘रद्द करावा का?’ असा असतो, म्हणजे कायदा टिकावा असे वाटणाऱ्याने ‘नाही’वर खूण करायची. शिवाय निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केले तरच निकाल धरला जातो. त्यामुळे विरोधक लोकांना ‘नाही’ म्हणायला सांगण्याऐवजी घरीच बसायला सांगतात.

निकालाचे बळही सर्वत्र सारखे नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये मतदारसंघापुरते धोरणप्रश्न निव्वळ सल्ल्याचे असतात; ब्रिटनचे २०१६ चे सार्वमतही कायद्याच्या दृष्टीने सल्लागारच होते. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रेलियात घटनादुरुस्तीला देशभरातील बहुमताबरोबर बहुसंख्य घटक राज्यांचाही कौल लागतो. फ्लोरिडाने २००६ पासून घटनादुरुस्तीसाठी ६० टक्के मतांची अट घातली. गंमत म्हणजे ती अट घालणाऱ्या दुरुस्तीला स्वतःला ५८ टक्क्यांच्या आसपासच मते मिळाली होती.