बीपीची गोळी एक, आत औषधं दोन

नागपुरात धंतोलीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहा. "भाऊ, ती एएमवाली द्या एक पत्ता", "एचवाली आली का?" असं सारखं कानावर पडतं. एएम काय, एच काय, हे मागणाऱ्यालाच माहीत असतं असं नाही. बीपीच्या गोळीच्या नावामागे लागलेली ही अक्षरं म्हणजे आतल्या दुसऱ्या औषधाची खूण. एएम म्हणजे अॅम्लोडिपिन, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध), सीटी असेल तर बहुतेक क्लोरथॅलिडोन. आणि पहिलं औषध आपल्याकडे बऱ्याचदा टेल्मिसार्टन. पण नुसत्या अक्षरांच्या भरवशावर राहू नका, पत्त्याच्या मागे बारीक टायपात औषधांची खरी नावं आणि मिलिग्रॅम छापलेले असतात ते वाचा, नाही दिसत तर मोबाइलनं फोटो काढा आणि झूम करा.

डॉक्टरनं दोन औषधांची गोळी लिहिली की लोक आधी घाबरतात, "म्हणजे माझा आजार वाढला का?" तसं काही नाही. बीपी वाढायला कारणं बरीच असतात, रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, अंगात मीठ-पाणी साठलेलं असतं, किडनीकडून सुरू होणारी हार्मोनची साखळी जोरात असते, आणि एक वाट बंद केली की शरीर दुसऱ्या वाटेनं प्रेशर वर आणतं. म्हणून एकाच औषधाचा डोस वाढवत नेला तर फायदा थोडा आणि साइड इफेक्ट जास्त. २००९ साली ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र करून बघितले, पेशंट जवळपास ११ हजार. एकाच औषधाचा डोस दुप्पट करून प्रेशर जेवढं जास्तीचं उतरतं त्याच्या साधारण पाचपट ते दुसऱ्या गटातलं औषध जोडल्यानं उतरतं, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बीपीच्या अशा जोडगोळ्या आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या त्या उगाच नाही. शिवाय गोळी एकच असली की विसरायचं प्रमाण कमी, हा फायदा साधा वाटतो पण फार मोठा आहे.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती म्हणजे ही औषधं एकमेकांची खोड झाकतात. अॅम्लोडिपिननं पायाचे घोटे सुजतात, बऱ्याच जणांना हा अनुभव असतो. ही सूज अख्ख्या अंगात जास्तीचं पाणी साठल्याची नसते. अॅम्लोडिपिन रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं पण रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग येणारं जास्त आणि जाणारं तेवढंच, दाब वाढून पाणी आजूबाजूला झिरपतं. टेल्मिसार्टन शिराही सैल करतं, त्यामुळे सोबत घेतलं की सूज कमी राहते. तसंच पोटॅशियमचं, लघवीची गोळी ते बाहेर टाकते, टेल्मिसार्टन धरून ठेवतं, हिशोब बराचसा सांभाळला जातो.

पण कुठलीही दोन जोडली की झालं असं समजू नका. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल (हेही बीपीचंच औषध) दोन्ही चांगली, म्हणून दोन्ही मिळून आणखी चांगली असतील असं वाटून २५ हजारांवर लोकांवर चाचणी झाली, निकाल २००८ मध्ये आला. जास्तीचा फायदा काही नाही, उलट प्रेशर फार उतरणं, चक्कर, किडनीच्या तक्रारी वाढल्या. दोन्ही हार्मोनच्या त्या एकाच साखळीवर काम करतात ना, मग दोघांच्या खोडीपण सारख्याच.

आता घरात गोंधळ कुठे होतो ते बघा. फ्रिजवर स्टीलचा डबा, त्यात पूर्वीचा अॅम्लोडिपिन ५ चा अर्धा पत्ता. नवीन डॉक्टरनं टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ ची जोडगोळी दिली, पण जुनी बंद करा हे कोणी बोललं नाही किंवा बोललं ते गर्दीत ऐकू आलं नाही. काका दोन्ही घेऊन राहिले. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. अॅम्लोडिपिन झालं रोजचं १०. पंधरा दिवसांत पाय सुजले, मग सुजेसाठी तिसऱ्याच कोणाकडून लघवीची गोळी आली, मग चक्कर यायला लागली, मग चक्करची गोळी! प्रत्येक गोळीमागे कारण आहे आणि सगळ्या मिळून काकांचं चुकून राहिलं. हे टाळायला डॉक्टरकडे जाताना नुसती फाइल नेऊ नका, डबाच न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या गोळ्यांसकट.

खरं सांगायचं तर जोडगोळीपेक्षा तिच्यासोबत आलेली तिसरी गोळी जास्त त्रास देते. पहिला नंबर पेनकिलरचा. गुडघे दुखले की आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफेनॅक, दहा रुपयांत काम होतं. या गोळ्या एक तर प्रेशर वाढवतात, आणि दुसरं म्हणजे किडनीत जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात. टेल्मिसार्टन किडनीतून बाहेर निघणाऱ्या वाहिन्या सैल करतं, लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते, म्हणजे तिन्ही बाजूंनी किडनीतलं प्रेशर पडतं आणि ती गाळायचं कामच कमी करते. त्यात आपला मे महिना. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू, पारा ४५ च्या वर, लग्नासाठी दुपारचा प्रवास, त्यात जुलाब लागले तर हे सगळं दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून उन्हाळा लागायच्या आधीच डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्या, उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं बंद झालं तर कोणती गोळी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची. दुखण्यासाठी अधूनमधून पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी. हृदयासाठी दिलेली ७५ ची अॅस्पिरिन वेगळी गोष्ट आहे, ती मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

दुसरं, ते लो सोडियम मीठ. बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून मुलं कौतुकानं आणतात, पण त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं आणि टेल्मिसार्टन आधीच पोटॅशियम धरून बसलेलं. किडनी कमजोर असेल, शुगर असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यापेक्षा साधंच मीठ कमी खा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. तर्रीपोह्याच्या प्लेटीनंच त्यातलं किती उडतं तो हिशोब ज्यानं त्यानं करावा. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि रोज ज्येष्ठमध टाकून घेतलेला काढा, दोन्ही प्रेशर वाढवतात, हे पण ध्यानात असू द्या.

आणि नागपूरकरांचा हक्काचा प्रश्न, संत्री चालतात का? चालतात. इंटरनेटवर वाचून काही लोकांनी भर सीझनमध्ये संत्री सोडली, काहून बाप्पा! तो इशारा ग्रेपफ्रूटचा (संत्र्याच्या जातीतलं मोठं फळ) आहे, त्यातले काही घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि काही औषधं रक्तात जास्त चढतात. पपनसातही ते घटक असतात, आपल्या संत्र्यात तो प्रकार नाही. फक्त किडनीचा आजार असेल आणि पोटॅशियमवर बंधन असेल तर फळं विचारून खा.

गोळी सकाळी की रात्री यावर फार डोकं लावू नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांना अर्धे सकाळी अर्धे संध्याकाळी असं वाटून बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकमध्ये फरक नाही. लघवीचं औषध असेल तर मात्र सकाळीच, नाहीतर रात्रभर उठबस. एखादे दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसरा दिवस उगवला तर दोन एकदम नको. अॅम्लोडिपिन निम्मं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, एका दिवसानं आभाळ कोसळत नाही. पण गोळीत मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन ही बीपीची औषधं असतील तर "आता नॉर्मल आलं" म्हणून एकदम बंद करणं धोक्याचं, प्रेशर आणि ठोके उसळी मारतात. नॉर्मल आलं ते गोळीमुळेच आलेलं असतं.

काही जोडगोळ्या बाजूनं बघितल्या तर दोन रंगांचे थर दिसतात. टेल्मिसार्टन विरघळावं म्हणून त्यात अल्कली घालतात आणि अॅम्लोडिपिनला अल्कली सोसत नाही, म्हणून वेगवेगळे थर. तेव्हा अर्धी तोडली की एकच औषध मिळेल असं काही नसतं. टेल्मिसार्टन हवेतली ओल पण ओढतं, त्यामुळे आठवड्याच्या प्लास्टिक डबीत आधीच काढून ठेवू नका, खास करून पावसाळ्यात, पत्त्यातच राहू द्या आणि घेताना फोडा.

घरात बाळाचा विचार चालू असेल आणि होणाऱ्या आईला बीपीची गोळी असेल तर टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गटातली औषधं बाळाला घातक आहेत, ती आधीच बदलून घ्यावी लागतात. बाकीच्यांनी गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), सोडियम आणि पोटॅशियम तपासावं, तीनच आकडे असतात, आणि तो रिपोर्ट त्याच स्टीलच्या डब्यात ठेवला तरी चालतो.