मुंगीच्या कमरेला लटकलेला भुंगेरा

कोस्टा रिकातल्या ला सेल्व्हा संशोधन केंद्राच्या जंगलात रात्री लष्करी मुंग्यांचा तांडा मुक्काम हलवत होता. डॅनियल क्रोनॉवर आणि क्रिस्टॉफ फॉन बेरेन या संशोधकांना त्या रांगेत काही मुंग्या विचित्र दिसल्या. त्यांना एकाऐवजी दोन पोटं होती! अशी एक मुंगी कुपीत धरून हलवली, तर वरचं 'पोट' सुटून पडलं. तो होता जेमतेम दीड मिलिमीटरचा भुंगेरा. २०१७ साली त्याचं बारसं झालं, 'निम्फिस्टर क्रोनॉवेरी'.

मुंग्यांकडे पाहुणा म्हणून राहणारे किडे विज्ञानाला नवे नाहीत. युरोपातला क्लॅव्हिगर हा आंधळा भुंगेरा मुंग्यांच्या तोंडून घास घेतो, हे १८१८ मध्येच लिहिलं गेलं होतं. पुढे एरिक वास्मन या जेझुइट पाद्र्याने आयुष्यभर असे पाहुणे जमवले आणि १८९४ मध्ये त्यांची मोठी यादीच छापली. पाहुण्याची ठेवण यजमानासारखी का असते? मुंगीने मिशांनी चाचपलं तरी तिला तो परका वाटू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. अशा सोंगाला आजही वास्मनचंच नाव आहे.

आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण लष्करी मुंग्यांना मुळी बीळच नसतं. एकमेकींचे पाय धरून त्या स्वतःच्या अंगांचाच तळ उभारतात आणि फिरतीच्या दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा पुन्हा मोडून पुढे जातात. एवढ्याशा भुंगेऱ्याने ही पायपीट कशी करावी? तो कामकरी मुंगीच्या कमरेचा सांधा जबड्यात पकडतो आणि बिऱ्हाडाबरोबर निघतो. आकार, रंग, चकाकी, सगळं तिच्या पोटासारखं. मुंग्यांना जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा रंगाचा फायदा झालाच तर भक्षकांपासून लपायला होत असावा. मुंग्यांसाठी गोलाई पुरे. शास्त्रज्ञांनाही तो सहज चकवून गेला असता.

हा हिस्टेरिड कुळातला. याच कुळातला, मुंग्यांबरोबर राहणारा एक भुंगेरा म्यानमारच्या राळेत गोठलेला सापडला आणि २०१९ मध्ये 'प्रोमिर्मिस्टर' नावाने प्रसिद्ध झाला. ती राळ सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची. त्या काळच्या बहुतेक मुंग्यांचे वंश बुडाले. भुंगेऱ्यांनी मात्र घरमालक बदलले.