बर्डीतली डिस्क आणि खात्यातलं एक्सपान्शन

नागपुरात जुन्या गेमचा व्यवहार अजूनही हातोहात होतो. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर भाव ठरतो, पैसे यूपीआयनं जातात, डिस्क दुसऱ्याच्या बॅगेत पडते. घासाघीस सुरू असताना विकणारा हमखास सांगतो, "भाऊ, याचे दोन्ही एक्सपान्शन पण घेऊन ठेवले आहेत." एक्सपान्शन म्हणजे मूळ गेमला जोडायचा, वेगळा विकत घ्यायचा जादा भाग. तो खोटं बोलत नसतो, पण घेणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. डिस्क मिळते, एक्सपान्शन विकणाऱ्याच्याच ऑनलाइन खात्यात राहतं.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. 1999 मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन कन्सोलसाठी 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा 'लंडन 1969' हा मिशन पॅक आला, तो स्वतंत्र डिस्कवर. खेळायचं तर मूळ गेमची डिस्कही जवळ लागायची आणि सुरू करताना डिस्कची अदलाबदल करावी लागायची. कटकटच होती. पण हिशेब साफ होता: दोन डिस्क, दोन्ही तुमच्या, विकायच्या तर विका.

त्याच वर्षी आपल्याकडे कायदा बदलला, आणि त्याची दखल गेमवाल्यांनी फारशी घेतली नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्ये 1994 च्या दुरुस्तीनं एक विचित्र तरतूद आली होती. संगणक प्रोग्रामची प्रत आधी एकदा विकली गेली असली, तरी पुढे ती विकण्याचा हक्क कॉपीराइटधारकाकडेच राहील, असा तिचा अर्थ. शब्दशः धरलं तर जुनी सीडी विकणंही अडचणीचं. 1999 च्या दुरुस्तीत ते शब्द गेले. गेमला चित्रपटासारखंही धरलं जाऊ शकतं. कलम 14 मधल्या चित्रपटांच्या भागातले तसेच शब्द 2012 मध्ये निघाले. मध्यंतरी 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या विक्रीकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर म्हणजे 'माल' ठरवलं होतं. 2021 मध्ये आयकराच्या एका वादात न्यायालयानं प्रत विकत घेणं आणि कॉपीराइट मिळणं यांतला फरक पुन्हा स्पष्ट केला. थोडक्यात, बर्डीवर अस्सल डिस्क विकणाऱ्याची बाजू भक्कम आहे.

गंमत अशी, की कायदा सोपा झाला त्या काळात इथे अस्सल डिस्क शोधावी लागायची. घरोघरी नकली डिस्क चालावी म्हणून चिप मारलेला पीएस टू (प्लेस्टेशन 2) आणि शे-दीडशेची डीव्हीडी. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम 63ब खाली शिक्षा तेव्हाही होती. नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडणं हा वेगळा गुन्हा मात्र 2012 मध्ये, कलम 65अ नं झाला.

डिस्कशिवायचं, डाउनलोड करायचं एक्सपान्शन रुळलं ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 या कन्सोलवर. एप्रिल 2006 मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला काढलं आणि जगभर खिल्ली उडाली. चिलखताची चेष्टा सगळ्यांनी केली. ते विकत घेतलं म्हणजे हातात काय आलं, हा प्रश्न मागे पडला.

उत्तर कन्सोल बंद पडू लागले तेव्हा कळलं. खरेदी दोन ठिकाणी बांधलेली असायची: घेणाऱ्याच्या खात्याला आणि ज्या कन्सोलवर ती झाली त्याला. त्या कन्सोलवर घरातला कुणीही, इंटरनेट नसतानाही, खेळू शकायचा. कन्सोल बदलला की फक्त खातेदार, तोही ऑनलाइन असताना. आणि 360 तर तीन लाल दिवे लावून धडाधड मरत होते. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली. बदली कन्सोल मिळालेल्यांचं लायसन्स मात्र मेलेल्या यंत्रातच अडकलेलं. ते नव्यावर हलवायची सोय 2008 मध्ये आली. आपल्याकडे तर एकेक डाउनलोड मोलाचं होतं. बीएसएनएलचा रात्री 2 ते सकाळी 8 मोफत डेटाचा प्लॅन, म्हणून अलार्म लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं आणि लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवायचे.

सोनीनं पीएस थ्रीवर आधी सढळ हात ठेवला होता. एक खरेदी पाच कन्सोलवर चालायची. मग काय, पाच पोरांनी काँट्री (वर्गणी) काढायची, एकाच्या खात्यावर गेम-एक्सपान्शन घ्यायचं आणि पाच घरी खेळायचं. कंपनीच्या अटींना हे मंजूर नव्हतं. नोव्हेंबर 2011 पासूनच्या खरेदीला ही संख्या दोनवर आली. पीएस फोरवर एकच कन्सोल 'प्रायमरी', म्हणजे खातेदाराशिवाय इतरांनाही खेळता येणारा, राहिला. आज टेलिग्रामवर 'प्रायमरी' आणि 'सेकंडरी' खाती विकली जातात, ती या काँट्रीचीच पुढची पिढी. फरक एवढाच, की समोरचा मित्र नसतो. मूळ खातेदारानं वेबसाइटवरून सगळे कन्सोल एकदम काढून टाकले, की घेणाऱ्याच्या पडद्यावर कुलूप. अशा सौद्याला मी तरी स्वस्त म्हणणार नाही.

जुन्या डिस्कच्या बाजाराला प्रकाशकांनीही चाप लावून पाहिला. ईए या प्रकाशक कंपनीनं 2010 मध्ये 'ऑनलाइन पास' आणला. डब्यातला कोड पहिल्या मालकानं वापरला, की दुसऱ्यानं ऑनलाइन खेळासाठी वेगळे पैसे मोजायचे. 2013 मध्ये तो बंद केला. डब्यातल्या एक्सपान्शनच्या कोडचा प्रकार मात्र टिकून आहे. म्हणून जुनी 'कम्प्लीट एडिशन' घेताना सगळं डिस्कवर आहे की काही भाग चिठ्ठीवरच्या कोडनं मिळतो, हे आधी विचारावं. रीजनही, म्हणजे डिस्क कुठल्या प्रदेशासाठी काढली आहे तेही, बघावा. दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेली डिस्क आणि भारतीय खात्यावरचं एक्सपान्शन यांचं अनेकदा जमत नाही.

दुकानच बंद झालं तर काय, तेही आता दिसलं आहे. 29 जुलै 2024 ला 360 चं स्टोअर बंद झालं. नवी खरेदी थांबली, घेतलेलं पुन्हा उतरवता येतं. सोनीनं 2021 मध्ये पीएस थ्रीचं स्टोअर बंद करण्याची घोषणा केली आणि ओरड झाल्यावर महिन्याभरात मागे घेतली. ही मुभा कंपनीची. ग्राहकाचा म्हणून जो हक्क आहे तो 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला: ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं स्पष्ट लिहिलेली आहेत आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात करता येते. त्यासाठी पावतीचा ईमेल आणि खात्यातली व्यवहारांची यादी लागते. इथेच घोडं अडतं. कारण आपल्या पोरांची निम्मी खाती दहावीत असताना, खोटी जन्मतारीख टाकून, आता पासवर्डही आठवत नाही अशा ईमेलवर काढलेली आहेत.